निलगिरी : डोंगरावरची उंची आणि आष्टीचा पाऊस

फुले येणाऱ्या वनस्पतींमध्ये सर्वांत उंच वाढणारे झाड म्हणजे यूकॅलिप्टस रेग्नान्स. ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय कोपऱ्यातील व्हिक्टोरिया राज्याच्या डोंगरांत आणि समुद्रापलीकडच्या टास्मानिया बेटावर त्याची नैसर्गिक जंगले आहेत. टास्मानियातील ‘सेंच्युरियन’ हे झाड २००८ मध्ये मोजले तेव्हा शंभर मीटरला थोडेच कमी भरले. दहा वर्षांनी पुन्हा मोजणी झाली तेव्हा त्याने शंभरी ओलांडली होती. एकोणिसाव्या शतकात याहून उंच झाडे होती. व्हिक्टोरियातील थॉर्पडेल येथे १८८० च्या सुमारास तोडलेले एक झाड जमिनीवर पाडून मोजले गेले, ते ११४.३ मीटर भरले. त्या काळातील १३० मीटरच्या गोष्टीही सांगितल्या जातात, पण त्यांच्यावर अभ्यासकांचा विश्वास नाही. न्यूझीलंडमध्ये हे झाड माणसांनी नेऊन लावले, आणि तिथले सर्वांत उंच झाडही आज हेच आहे.

भारतात ‘निलगिरी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या झाडांचे हे थोरले भावंड. यूकॅलिप्टस प्रजातीत सातशेहून अधिक जाती आहेत. त्या जांभूळ, पेरू आणि लवंग यांच्याच कुळातल्या. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यात शाळेच्या कुंपणाला किंवा शेताच्या बांधावर दिसणारी निलगिरी आणि टास्मानियातला तो शंभर मीटरचा वृक्ष यांच्यात प्रजाती समान आहे, बाकी फारसे काही समान नाही. निलगिरीबद्दलच्या बहुतेक वादांत एका जातीचे गुण दुसरीला चिकटवले जातात आणि एका हवामानातले दोष दुसऱ्या हवामानात शोधले जातात. म्हणून आधी मूळ डोंगरी झाडाकडे आणि मग आष्टीच्या बांधाकडे पाहणे सोयीचे.

रेग्नान्सला थंड हवा, खोल माती आणि भरपूर पाऊस लागतो. वर्षाला हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, हिवाळ्यात अधूनमधून बर्फ आणि उन्हाळ्यातही धुके, अशा दऱ्यांत त्याची सर्वोत्तम वाढ होते. बुंध्याशी खरखरीत साल असते. वर खोड गुळगुळीत, फिकट होत जाते आणि तिथून सालीच्या लांब पट्ट्या लोंबत राहतात. या झाडाचे आगीशी असलेले नाते चमत्कारिक आहे. बहुतेक यूकॅलिप्टस जाती वणव्यानंतर खोडातून किंवा जमिनीखालच्या गाठीतून पुन्हा फुटतात. रेग्नान्सला तशी गाठ नसते. मोठ्या वणव्यात ते मरते, पण शेंड्याकडच्या फळांत साठवलेले बी गरम राखेवर सांडते आणि एका एकरावर हजारो रोपे एकदम उगवतात. त्यामुळे त्याची जंगले बहुधा एकाच वयाची असतात. १९३९ च्या जानेवारीत व्हिक्टोरियात जो भयंकर वणवा पेटला, त्यानंतर उगवलेली जंगले आज ऐंशी वर्षांपलीकडे गेली आहेत. २००९ च्या वणव्याने त्यातली बरीच पुन्हा जाळली. दोन वणव्यांत अंतर कमी पडले आणि झाड बी धरण्याच्या वयाला पोचलेले नसले, तर तिथून रेग्नान्स नाहीसेच होते.

मेलबर्न शहराला पिण्याचे पाणी पुरवणारी पाणलोट क्षेत्रे याच जंगलांत आहेत, आणि तिथल्या अभ्यासातून निलगिरी व पाणी या प्रश्नावरचा एक महत्त्वाचा निष्कर्ष हाती आला. १९३९ च्या वणव्यानंतर ओढ्यांचे पाणी वाढेल अशी साधी अपेक्षा होती. म्हातारी झाडे मेली, पाणी पिणारे उरले नाही. प्रत्यक्षात पुढच्या दोन-तीन दशकांत ओढे आटत गेले. जॉर्ज कुझेरा यांनी १९८० च्या दशकात ही आकडेवारी मांडली तेव्हा दिसले की, नव्याने उगवलेले दाट तरुण जंगल पंचवीस-तीस वर्षांचे होईपर्यंत ओढ्यांचे उत्पन्न जवळजवळ निम्म्यावर येऊ शकते, आणि ते पूर्ववत व्हायला शतकाहून अधिक काळ लागतो. म्हणजे एकाच जातीचे झाड तरुणपणी फार पाणी पिते, म्हातारपणी कमी. दर सहा-आठ वर्षांनी तोडून पुन्हा फुटवे घेतले जाणारे लागवडीचे रान कधी म्हातारे होतच नाही, हे इथे लक्षात ठेवावे.

रेग्नान्सचे लाकूड फिकट, सरळ रेषेचे, मध्यम वजनाचे असते. फरशीच्या पट्ट्या, दारे-खिडक्या, फर्निचर, बांधकामाचे वासे यांसाठी ते वापरले जाते आणि बाजारात इतर दोन जातींबरोबर ‘टास्मानियन ओक’ या नावाने विकले जाते, जरी ओकशी त्याचा काही संबंध नाही. कापल्यावर वाळवणे हे त्याचे अवघड काम. आतल्या पेशी पाणी निघताना दबतात, फळी आक्रसून सुरकुतते. मग तिला वाफ देऊन पुन्हा फुगवावे लागते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत आखूड धाग्याच्या या लाकडापासून चांगला कागद होणार नाही अशी समजूत होती. ती टास्मानियातल्या बॉयर येथील गिरणीने १९४१ मध्ये मोडली. यूकॅलिप्टसच्या लगद्यापासून वर्तमानपत्राचा कागद तिथे पहिल्यांदा व्यापारी प्रमाणावर निघाला. पुढे जगभर निलगिरीच्या लागवडीला जे उधाण आले, त्याचे एक मूळ या तंत्रात आहे. खुद्द व्हिक्टोरियात मात्र नैसर्गिक जंगलांतील सरकारी तोड १ जानेवारी २०२४ पासून बंद झाली आहे. जुन्या रेग्नान्स जंगलात दर हेक्टरी साठणारा कार्बन जगात सर्वाधिकांपैकी आहे, असे २००९ च्या एका अभ्यासाने दाखवले होते. जुन्या झाडांच्या ढोल्यांत राहणारे दुर्मीळ प्राणी हेही तोड थांबवण्याचे एक कारण होते.

भारतात यूकॅलिप्टस रुजले ते उंचीसाठी नव्हे, जळणासाठी. १७९० च्या सुमारास टिपू सुलतानाने बंगळूरजवळच्या नंदी टेकडीवरील बागेत काही जाती लावल्या, ही पहिली नोंद. १८४३ मध्ये निलगिरी पर्वतावर कॅप्टन कॉटन याने टास्मानियाच्या निळ्या गमची, म्हणजे यूकॅलिप्टस ग्लोब्युलसची, रोपे लावून पाहिली. गोऱ्या लोकांच्या वस्तीला थंड हवेत सरपण लागे, आणि त्यापायी तिथली मूळची शोला जंगले तुटत होती. १८५६ पासून नियमित लागवड सुरू झाली. पर्वताचे नाव झाडाला चिकटले ते तिथूनच. शोला वाचवायला आणलेल्या झाडाने पुढे शोलांच्या मधली गवताळ कुरणे गिळली. तिथली लागवड हटवायची कशी, हा आज निलगिरी जिल्ह्यापुढचा प्रश्न आहे. मैदानी दख्खनमध्ये मात्र निळा गम तग धरत नाही. नंदी टेकडीवरच्या झाडांच्या बियांतून निवडलेला, मुख्यतः यूकॅलिप्टस टेरेटिकॉर्निस जातीचा ‘म्हैसूर गम’ १९५० नंतर कर्नाटकातून सगळीकडे पसरला. महाराष्ट्रात दिसणारी बहुतेक निलगिरी ही, किंवा तिच्याशी संकर झालेली. तिच्या जोडीला विश्रामगृहांच्या आणि जुन्या बंगल्यांच्या आवारातील पांढऱ्या गुळगुळीत खोडाची, पान चुरगळले की लिंबाचा वास देणारी लिंबवासाची निलगिरी. वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये तिला यूकॅलिप्टसमधून काढून कोरिंबिया या वेगळ्या प्रजातीत घातले. लोकांच्या लेखी ती निलगिरीच राहिली.

महाराष्ट्रात निलगिरी शेतात शिरली ती सामाजिक वनीकरणाच्या वाटेने. १९८२ मध्ये राज्यात अमेरिकी मदतीचा सामाजिक वनीकरण प्रकल्प सुरू झाला, रोपवाटिका उभ्या राहिल्या आणि रस्ते, कालवे, गायरान, शाळांची आवारे यांवर लागवड झाली. निलगिरीची निवड होण्याचे कारण सोपे होते. रोप झटपट वाढते, आणि शेळी त्याला तोंड लावत नाही. कुंपण घालायला पैसा नसलेल्या सरकारी खात्याच्या दृष्टीने याहून मोठा गुण दुसरा नव्हता. त्याच काळात नाशिक जिल्ह्यात माजी मंत्री विनायकदादा पाटील यांच्या पुढाकाराने निलगिरी उत्पादक शेतकऱ्यांची सहकारी संस्था उभी राहिली. झाड हे पीक म्हणून घ्यायचे, त्याची तोड आणि विक्री एकत्र करायची, ही त्या काळी नवी कल्पना होती. शेतमजुरी वाढलेल्या, भाव बेभरवशाचे झालेल्या शेतकऱ्याला ती पटली.

ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात मात्र भाव कोसळले. पंजाब, हरियाणा, गुजरात, पश्चिम उत्तर प्रदेश इथल्या शेतकऱ्यांची झाडे एकदमच कापणीला आली आणि बल्ल्यांचा बाजार भरून गेला. एन. सी. सक्सेना यांनी १९९४ मध्ये या निलगिरी-वेडावर एक पुस्तकच लिहिले. लावताना सांगितलेला भाव आणि तोडताना मिळालेला भाव यांच्यातील दरी हा त्याचा गाभा आहे. १९८८ च्या राष्ट्रीय वनधोरणानेही दीर्घकाळ शास्त्रीय चाचण्या केल्याशिवाय परदेशी जाती आणू नयेत असे म्हटले. लागवडीचा दुसरा बहर आला तो क्लोनच्या रोपांमुळे. १९८९ पासून तेव्हाच्या आंध्रातील भद्राचलम येथील कागद कारखान्याने निवडक झाडांच्या फांद्यांपासून रोपे करण्यास सुरुवात केली; बियांच्या रोपांच्या तुलनेत त्यांचे उत्पादन दुप्पट-तिप्पट येऊ लागले. एकसारख्या झाडांचा धोकाही लवकरच दिसला. पानांवर गाठी करणारी एक सूक्ष्म गांधीलमाशी २००० नंतर दक्षिण भारतात पसरली आणि ज्या क्लोनवर ती पडली, त्याची रानेच्या राने खुरटली.

आता आष्टी. बालाघाटच्या पठाराचा हा पश्चिमेकडचा भाग. सीना नदी तालुक्याला अहिल्यानगर जिल्ह्यापासून वेगळे करते, आणि मेहकरी सीनेलाच जाऊन मिळते. बीड जिल्ह्यातले वनक्षेत्र अगदी थोडे, आणि आष्टी तर पर्जन्यछायेच्या पट्ट्यात. पाऊस साधारण सहाशे मिलिमीटरच्या आसपास, तोही एखाद्या वर्षी निम्म्यावर येणारा. माळावर वीतभर माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. ज्वारी, बाजरी, तूर, कापूस, कांदा. जोडीला दुधाचा धंदा आणि शेळ्या. २०१२-१३ आणि २०१५-१६ च्या दुष्काळांत इथल्या जनावरांना छावण्यांचा आधार घ्यावा लागला. अशा ठिकाणी रेग्नान्सचे एक रोपही उन्हाळा काढणार नाही. म्हैसूर गम काढतो, पण त्याची उंची इथे पंधरा-वीस मीटरच्या आसपासच राहते, आणि उथळ मुरमावर त्याहूनही कमी.

तालुक्यात या झाडाचा खरा उपयोग बल्लीचा. घराच्या स्लॅबखाली लावायचे टेकू, गोठ्याचे आणि कांदाचाळीचे खांब, द्राक्ष-डाळिंबाच्या मांडवाचे दांडे, पत्र्याच्या शेडचे वासे यांना सरळ, कमी फांद्यांचे खोड लागते आणि ते निलगिरीइतके स्वस्तात दुसरे झाड देत नाही. सहा-सात वर्षांत खोड टेकूच्या जाडीचे होते. जमिनीपासून थोड्या उंचीवर तिरका काप देऊन तोडले तर बुडख्यातून फुटवे येतात. त्यातले दोन जोमदार ठेवून बाकी काढले की दुसरी, तिसरी तोड मिळते. फळ्या पाडायला मात्र हे लाकूड कटकटीचे. खोडात वाढीचा ताण असतो, धागा पिळदार असतो. आरागिरणीत ओंडका चिरताना टोके फाटतात आणि फळ्या वाकतात. जमिनीत पुरलेला दांडा वाळवी लवकर धरते, म्हणून बुडाला डांबर किंवा जळके तेल फासण्याची पद्धत आहे. साग किंवा बाभळीशी टिकाऊपणात त्याची तुलना होणार नाही.

जळण म्हणून निलगिरी उत्तम. लाकूड जड असते, ज्वाला चांगली धरते. वीटभट्ट्या, हॉटेले, गुऱ्हाळे ते घेतात. गॅस आला तरी पाणी तापवायला चुलीत लाकूडच लागते, आणि वाळलेली पाने, साली, काटक्या हे गावातल्या बायकांना फुकट मिळणारे जळण. कागदाच्या लगद्याचे मात्र आष्टीकरांनी मनात आणू नये. लाकडापासून लगदा करणारा राज्यातला मोठा कारखाना बल्लारपूरला, म्हणजे आष्टीपासून पाचशे किलोमीटरहून लांब. भिगवणचा कागद कारखाना जवळ आहे, पण तो तयार लगदा आणून कागद करणारा. ओल्या लाकडात निम्मे वजन पाण्याचे असते. ते ट्रकात घालून विदर्भात नेले तर शेतकऱ्याच्या हातात भाड्याची पावती उरेल.

तेलाची गोष्ट वेगळी. सर्दीला वापरायचे तेल निळ्या गमच्या पानांतून निघते. त्यातला मुख्य घटक सिनिओल. औषधी तेलात तो साठ-सत्तर टक्क्यांच्या पुढे असावा लागतो. व्हिक्टोरियात जोसेफ बॉसिस्टो या औषधविक्रेत्याने १८५२ मध्ये निलगिरी तेलाचा व्यवसाय सुरू केला; आज जगात सर्वाधिक तेल चीन काढतो. म्हैसूर गमच्या पानांत तेल कमी आणि सिनिओलही कमी, त्यामुळे आष्टीच्या बांधावरची पाने उकळून त्या दर्जाचे तेल मिळणार नाही. लिंबवासाच्या जातीचे तेल निराळेच. त्यात सिट्रोनेलल असते, साबण आणि अत्तरांच्या धंद्यात ते जाते, आणि त्यापासून डास पळवणारे औषध बनते. साध्या भट्टीत शंभर किलो ताज्या पानांतून किलोभर तेल निघते, म्हणजे पाने तोडण्याची मजुरी आणि भट्टीचे जळण वजा जाता फायदा थोडा. घरगुती वापरातली एक गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. निलगिरीचे तेल पोटात घ्यायचे नसते. लहान मुलाच्या पोटात चमचाभर तेल गेले तरी झटके येऊ शकतात. तान्ह्याच्या नाकाला तर ते लावूच नये.

मधमाश्यांना निलगिरीचा फुलोरा आवडतो, आणि पावसाळा संपल्यावर इतर फुले विरळ असताना तो उपयोगी पडतो. बाकी गुराढोरांच्या दृष्टीने हे झाड कोरडे. शेळी त्याचे पान खात नाही हा वनखात्याचा लाभ, आणि शेळीवाल्याचे नुकसान. बाभळीच्या शेंगा, सुबाभळीचा पाला, हिवराची आणि बोरीची डहाळी यांवर उन्हाळ्यात जनावर जगते. दूध आणि शेळ्यांवर चालणाऱ्या तालुक्यात जो वृक्ष चारा देत नाही, त्याने अडवलेली जागा हिशेबात धरली पाहिजे.

पाण्याच्या प्रश्नावर सर्वांत नीट काम कर्नाटकात झाले. इयान कॅल्डर आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस शिमोगा आणि होसकोटे भागांत प्रत्यक्ष मोजमापे घेतली. कोरड्या भागातल्या कोवळ्या निलगिरीचा पाण्याचा वापर तिथल्याच मूळच्या पानझडी जंगलाएवढा होता. निलगिरी एकटीच राक्षसी तहानेची आहे हा समज यात टिकत नाही. पण जंगलाचा आणि निलगिरीचा वापर नाचणीच्या शेताच्या साधारण दुप्पट भरला, आणि झाडांखालून खोल पाझरणारे पाणी जवळजवळ शून्य. होसकोटेच्या खोल मातीत तर तीन वर्षांत झाडांनी पडलेल्या पावसाहून अधिक पाणी वापरले. मुळे दरवर्षी अडीच मीटरच्या वेगाने खाली जाऊन आधीचा साठा उपसत होती. अन्न व कृषी संघटनेने १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्याचा सूरही हाच होता की, निलगिरीबद्दल सरसकट उत्तर देता येत नाही, जागा पाहून द्यावे लागते. कर्नाटक सरकारने २०१७ मध्ये नव्या लागवडीवर बंदी घातली.

आष्टीची जागा पाहिली तर हिशेब असा. सहाशे मिलिमीटर पाऊस म्हणजे एका एकरावर सुमारे चोवीस लाख लिटर पाणी. बाजरीच्या शेतातून त्यातला काही वाटा ओघळीला आणि मुरमात जातो, तोच पुढे विहिरीला लागतो. सलग निलगिरीच्या रानातून तो वाटा जवळपास नाहीसा होतो. होसकोट्याप्रमाणे खोल साठा उपसला जाण्याचा धोका इथे कमी, कारण खाली कातळ आहे. पण म्हणूनच मुळे आडवी पसरतात आणि शेजारच्या पिकात शिरतात. हरियाणात बांधावरच्या निलगिरीपासून दहा मीटरपर्यंत गहू आणि मोहरीचे उत्पन्न घटलेले मोजले गेले आहे. बांधाची झाडे एकाची आणि घट दुसऱ्याच्या वाफ्यात, यावरून भाऊबंदकीत वाद होतात. पाला सावकाश कुजतो आणि त्यातली द्रव्ये कोवळ्या रोपांना मारक ठरतात. भरपूर पावसात ती वाहून जातात, कमी पावसात मातीत राहतात. या सगळ्यात एक बाजू निलगिरीचीही आहे. घेतलेल्या पाण्यातून लाकूड तयार करण्यात ती काटकसरी आहे. तेवढेच सरपण बाभळीच्या रानातून मिळवायचे तर जास्त जमीन आणि जास्त वर्षे लागतील. प्रश्न तालुक्याला सरपण हवे की विहिरीत पाणी, असा आहे, आणि त्याचे उत्तर आष्टीत अवघड नाही.

जिथे पाणी जास्त होते, तिथे हेच झाड उपकारक ठरते. इटलीतल्या दलदली आटवायला एकोणिसाव्या शतकात ते लावले गेले. कर्नालच्या मृदा लवणता संस्थेने कालव्याच्या पाण्याने चिबडलेल्या जमिनी निलगिरीने कोरड्या करून दाखवल्या. आष्टीत चिबड जमीन फारशी नाही. तलावाच्या सांडव्याखालची पाणथळ पट्टी किंवा शेताच्या खालच्या अंगाचा नाला, एवढीच तशी जागा.

कायद्याची अडचण या झाडाला नाही. राज्याच्या वृक्षतोड अधिनियमातील अनुसूचित झाडांत साग, आंबा, चिंच, मोह, हिरडा, जांभूळ अशी झाडे आहेत. निलगिरी त्यात नाही, आणि शेतकऱ्यांच्या पसंतीचे तेही एक कारण. २०१६ ते २०१९ या काळातील राज्यव्यापी वृक्षलागवडीनंतर आणि बीडजवळ पालवण येथे अभिनेते सयाजी शिंदे यांच्या प्रयत्नाने उभ्या राहिलेल्या सह्याद्री देवराईनंतर जिल्ह्यात देशी झाडांकडे कल वाढला आहे. आष्टीच्या माळाला कडुनिंब, बाभूळ, हिवर, बोर, चिंच जमतात; बालाघाटच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही आहे. यातले एकही झाड सात वर्षांत सरळ वासा देत नाही, हे मात्र खरे.

सलग एकराने निलगिरी लावणे आष्टीला परवडणारे नाही. टेकू आणि सरपणाची घरची गरज भागेल एवढी ती नाल्याच्या काठाला, विहिरीपासून आणि शेजाऱ्याच्या बांधापासून लांब लावावी. जी उभी आहे ती उपटण्याची घाई नको. तोडणीला आली की बल्ल्या विकाव्यात, आणि त्या जागी फुटवे न घेता बुडखा काढून चिंच किंवा कडुनिंब लावावा.